डेलाइटच्या अभ्यासासाठी एचडीआर कॅमेरा घेताय? या चुका टाळा

थीसिसचा विषय मंजूर झाला की आर्किटेक्चरच्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कॅमेऱ्याची बॉडी कोणती घेऊ?" सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमधला, छपराच्या काचेतून येणारा दिवसाचा उजेड मोजायचाय, कामगारांच्या डोळ्यांवर चकाकी येते का ते बघायचंय, आणि बजेटचा मोठा वाटा बॉडीवर उडवायची तयारी झालेली असते. माझ्या यादीत बॉडी सगळ्यात शेवटी येते.

इथलं एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) म्हणजे फ्लॅटच्या जाहिरातीतले झगमगीत फोटो नव्हेत. एकाच दृश्याचे वेगवेगळ्या शटरवर फोटो घ्यायचे आणि ते असे जोडायचे की प्रत्येक पिक्सेलला ल्युमिनन्सचा, म्हणजे त्या जागेवरून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचा, आकडा मिळेल, कॅन्डेला प्रति चौरस मीटरमध्ये. त्यातून पुढे चकाकीचा निर्देशांक, म्हणजे डीजीपी, निघतो. तो ०.३५ च्या खाली असला तर चकाकी सहसा जाणवत नाही आणि ०.४५ च्या वर गेला तर असह्य मानतात. मोबाइलचा एचडीआर मोड इथे बाद, कारण फोटो डोळ्याला बरा दिसावा म्हणून तो उजेड-अंधारातलं मूळ प्रमाणच बदलून टाकतो.

मेगापिक्सेल मोजत बसणं

विश्लेषणाआधी चित्र हजार-दीड हजार पिक्सेलपर्यंत लहान करतात. त्यामुळे २४ घ्या की ४५ मेगापिक्सेल, काही फरक पडत नाही. बघायचं ते असं: पूर्ण मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने फेरफार न केलेली), निदान १/४००० पर्यंत शटर आणि हात न लावता ओळीने फोटो घेण्याची सोय.

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण फसतात. कॅननच्या १५००डीमध्ये ऑटो ब्रॅकेटिंग, म्हणजे एक्स्पोजर आपोआप बदलत ओळीने फोटो घेणं, आहे, पण तीनच फोटोंचं आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणजे सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ फोटोत सोळा पटींचा फरक. निकॉनच्या डी३५०० मध्ये ब्रॅकेटिंगच नाही. शेडमध्ये मागाखालच्या कोपऱ्यात चार-पाच कॅन्डेला असतात आणि काचेतून दिसणाऱ्या आकाशात काही हजार, तिथे सोळा पटींनी काय होणार? यूएसबीने लॅपटॉपवरून शटर बदलता येत असेल तर साधी बॉडीही पुरते. दुकानात केबल जोडून बघा, मगच पैसे द्या. सेकंडहँड फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिळाला तर उत्तमच, त्याचं कारण पुढे लेन्सच्या मुद्द्यात येईल. मिररलेस घेतलात तर मेकॅनिकल शटर लावा, कारण बऱ्याच बॉडींमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर एलईडीखाली पट्टे पाडतं.

फिशआय लिहिलंय म्हणजे चालेल, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. डीजीपीसाठी डोळ्यासमोरचं १८० अंशांचं अख्खं दृश्य लागतं, ते फिशआय या अतिरुंद लेन्सने मिळतं, म्हणजे फ्रेममध्ये पूर्ण गोल वर्तुळ यायला हवं. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे असतो तो बहुधा डायगोनल फिशआय. तो फ्रेम काठोकाठ भरतो, पण १८० अंश फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत देतो. वरचं छप्पर कापलं जातं, आणि आपला सगळा अभ्यास तर छपरातल्या काचेचा!

सर्क्युलर फिशआयमध्येही सेन्सर बघा. सिग्माचा ८ मिमी एफ/३.५ फुल-फ्रेमवर पूर्ण वर्तुळ देतो, पण तोच एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर चढवला की वर्तुळ वरून-खालून कापलं जातं. एपीएस-सीसाठी त्यांचाच ४.५ मिमी होता. म्हणून आधी लेन्स ठरवा आणि तिच्या मापाने बॉडी निवडा.

यापुढची अडचण फोटोत दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक: व्हिनेटिंग. फिशआयच्या काठाकडे उजेड कमी पोचतो आणि ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र) जितकं उघडं तितकी घट मोठी. आकाशाची काच नेमकी काठाजवळ येत असेल तर तिचं ल्युमिनन्स कमी नोंदलं जाणार आणि डीजीपी खोटा 'बरा' येणार. उपाय किचकट नाही, वेळखाऊ आहे. बंद खोलीत एका स्थिर दिव्याखाली ग्रे कार्ड (ठरावीक परावर्तनाचं राखाडी कार्ड) ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर पाच-पाच अंशांनी फिरवत कार्ड मध्यापासून काठापर्यंत न्या आणि प्रत्येक ठिकाणी किती घट आली ते मांडून वक्र काढा. हा वक्र त्याच लेन्सला आणि त्याच ॲपर्चरला लागू. एफ/४ चा वक्र एफ/११ च्या फोटोंना लावला तर केलेली मेहनत फुकट. शिवाय प्रोजेक्शन, म्हणजे लेन्स गोल दृश्य सपाट चित्रावर कसं मांडते ते, तपासा: बहुतेक फिशआय इक्विसॉलिड असतात, डीजीपी काढणाऱ्या इव्हॅलग्लेअर या प्रोग्रामसाठी चित्र सहसा इक्विडिस्टंटमध्ये बदलून घेतात.

"नॉर्थ लाइट आहे, ऊन येणारच नाही"

करवती छपराची काच उत्तरेला, म्हणून थेट ऊन आत येणार नाही, हे वाक्य सोलापुरात प्रत्येक कारखान्यात ऐकायला मिळतं. युरोपात ते बऱ्याच अंशी खरं आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि २१ जूनच्या सुमारास तो पूर्वेपासून जवळपास २५ अंश उत्तरेला सरकून उगवतो. त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी काचेतून सरळ ऊन आत येतं.

हे सामानाच्या खरेदीशी कसं जोडलंय ते बघा. पांढऱ्या टॉवेलच्या थप्पीवर कडक उन्हाचा पट्टा पडला तर तिचं ल्युमिनन्स पंचवीस हजारांच्या आसपास जातं. एफ/११ आणि १/४००० ला, आयएसओ १०० वर, कॅमेरा काही लाखांपर्यंत मोजू शकतो. म्हणजे टॉवेल आरामात बसला. पण प्रत्यक्ष सूर्यबिंबाचं ल्युमिनन्स १६० कोटींच्या घरात. ते कुठल्याही साध्या सेटिंगमध्ये मावत नाही, सेन्सर तिथे नुसता भरून जातो.

म्हणून फ्रेममध्ये सूर्य येणार नसेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) घेऊच नका. येणार असेल तर एनडी ३.०, म्हणजे उजेड हजारावर एक करणारा, आणि सोबत लहान ॲपर्चर. फिशआयच्या फुगीर काचेवर पुढून फिल्टर बसत नाही. सिग्मा ८ मिमीच्या मागच्या बाजूला जिलेटिन फिल्टरची खाच आहे, तिथे बसतो. फिल्टर रंगही थोडा बदलतो, त्यामुळे फिल्टरसकट वेगळं कॅलिब्रेशन करा. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघायचं नाही, हे पोरांना दरवेळी सांगावं लागतं.

लक्समीटरवर काटकसर

ल्युमिनन्स मीटर लाखांत जातो, विद्यार्थ्याला परवडत नाही, ठीक आहे. पण मग चांगला लक्समीटर (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजणारा) आणि मॅट ग्रे कार्ड तरी हवंच. कार्डावर पडणारा लक्स गुणिले परावर्तन भागिले π (३.१४), एवढंच गणित. १००० लक्स आणि १८ टक्क्यांचं कार्ड असेल तर ५७ कॅन्डेला. एचडीआर चित्रात कार्डाच्या जागी ४८ आलं तर सगळं चित्र ५७ भागिले ४८ ने वाढवायचं. लक्समीटर कार्डाच्या प्रतलातच ठेवा. तिरपा धरलात तर आकडा चुकलाच.

दुसरं वाचन लेन्सच्या शेजारी, मीटर उभा धरून. चित्रातून काढलेला उभा लक्स आणि मीटरचा लक्स शेजारी ठेवले की दुखणं कुठे आहे ते कळतं. फक्त सूर्य दिसतो त्याच चित्रांत आकडा कमी पडतोय? सेन्सर भरला. कार्ड जुळतंय, पण लक्स नेहमीच कमी? व्हिनेटिंगची दुरुस्ती राहिली. कार्ड आणि लक्स दोन्ही एकाच प्रमाणात चुकताहेत? कॅलिब्रेशनचा गुणक चुकला. हा उभा लक्स फोटोमालिकेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. श्रावणात ढग धावतात. फरक दहा टक्क्यांहून जास्त असला तर मी ती मालिका टाकून देतो.

शेडमध्ये गेल्यावर

माग चालू असताना जमीन थरथरते, आणि महागडा ट्रायपॉडही जमिनीवरच उभा असतो. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत कडा फाटतात आणि जोडलेल्या चित्रात काचेभोवती खोटी कडी दिसते. मालक म्हणतात, "अहो सर, फोटोच काढायचाय नं, त्यासाठी माग कशाला बंद करायचे?" त्यांचंही बरोबर आहे, माग थांबला की पगार थांबत नाही. साप्ताहिक सुट्टीचा दिवस किंवा जेवणाची वेळ मागून घ्या. दिवे बंद करायलाही तीच वेळ सोयीची: ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि १/१००० च्या फोटोत त्या लुकलुकीचा कुठला तुकडा सापडेल याचा नेम नाही.

हवेतलं सूत लेन्सच्या फुगीर काचेवर बसतं आणि उजेड पसरवून अंधारे कोपरे खोटे उजळवतं. फडक्याने पुसू नका, ब्लोअर मारा. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का, ऑटो आयएसओ बंद, आणि मेनूतल्या ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर किंवा ॲक्टिव्ह डी-लायटिंगसारख्या 'सुधारणा' बंद. मालिकेतल्या सगळ्यात गडद फोटोत २५५ ला टेकलेला, म्हणजे पूर्ण पांढरा झालेला, एकही पिक्सेल नको.

घरी येऊन इव्हॅलग्लेअर चालवल्यावर डीजीपी भलताच आला, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी फाइलचं हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) उघडून बघा. रेडियन्स या प्रकाश-सॉफ्टवेअरमधल्या पीकॉम्ब प्रोग्रामने दुरुस्ती केली की हेडरमधली व्ह्यूची (दृश्याचा प्रकार आणि कोन सांगणारी) ओळ पुढे टॅब लागून निकामी होते. मग प्रोग्रामला हे १८० अंशांचं फिशआय आहे हेच कळत नाही. ती ओळ रेडियन्सच्याच गेटइन्फोने पुन्हा घाला आणि परत चालवा.