गेमबॉयवर गर्दी दाखवताना

समजा, जुन्या गेमबॉयसाठी तुम्ही रामकुंडावरच्या गर्दीचा गेम करताय. घाटाच्या एकाच पायरीवर ओळीने माणसं उभी केलीत, आणि सहावा माणूस गायब! कोडमध्ये चूक शोधत बसू नका. हे यंत्र एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त १० स्प्राइट (पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलवता येणारी छोटी चित्रं) दाखवतं, पूर्ण पडद्यावर ४०. स्प्राइटची रुंदी ८ पिक्सेल. म्हणजे १६ पिक्सेल रुंदीच्या माणसाला शेजारी-शेजारी दोन लागतात, आणि पाच माणसांतच हिशोब संपतो.

जे हलत नाही ते स्प्राइट करूच नका. बसलेले भाविक, फुलवाल्यांच्या टोपल्या, छत्र्या, सगळं पार्श्वभूमीच्या टाइलमध्ये (ज्या छोट्या चौकोनी तुकड्यांनी ती बनते त्यांत) काढा. स्प्राइट नायकासाठी आणि प्रसाद पळवणाऱ्या माकडासाठी राखा. (माकड हवंच.)

खरी मेख पुढे आहे. स्प्राइट लपवायला अनेकजण तो डाव्या-उजव्या कडेबाहेर ढकलतात. तो दिसत नाही, पण त्या रेषेच्या दहांत मोजला जातोच! त्यापेक्षा त्याचा वाय (उभ्या दिशेतल्या जागेचा आकडा) शून्य करा. मग तो कुठल्याच रेषेवर येत नाही.

तरीही रांग मोठीच हवी असेल, तर ओएएममधला (स्प्राइटची यादी ठेवणाऱ्या मेमरीतला) स्प्राइटचा क्रम दर फ्रेमला फिरवत राहा. माणसं थोडी लुकलुकतील, पण एकच बिचारा कायमचा नाहीसा होणार नाही.

काही एमुलेटरमध्ये (गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ही मर्यादा काढून टाकायची सोय असते. चाचणी घेताना ती सोय बंद ठेवा.