चिनी अंतःपुराचा अभ्यास: पगारपत्रकापासून सुरुवात करा

चीनच्या शेवटच्या, म्हणजे छिंग राजवटीतल्या राण्यांच्या नादी मी लागले ती मालिका बघून. विषाचे पेले, कुजबुज, केसांतल्या फुलांवरून रुसवेफुगवे. दोन वर्षं त्यातच घालवली आणि हाती काही लागलं नाही. मग कधीतरी वर्षासनाचे आकडे वाचले आणि डोक्यात प्रकाश पडला: ही तर चक्क श्रेणीवार नोकरी!

सम्राज्ञीला वर्षाला 1000 ल्यांग (चांदी तोलायचं चिनी माप) चांदी आणि 10 दासी. सगळ्यांत खालच्या 'ताईंग'ला 30 ल्यांग आणि 2 दासी. मधल्या जागाही मोजूनमापून: 'ग्वीफेइ' 2, 'फेइ' 4, 'पिन' 6. त्याखाली ग्वीरेन, छांगझाय आणि ताईंग कितीही. छांगझाय म्हणजे 'सदा हजर', ताईंग म्हणजे 'हाकेला ओ देणारी'. पदाचं नावच कामाचं वर्णन करतं! मांस, कोळसा, मेणबत्त्या, सगळा शिधा पदाप्रमाणे. म्हणून 'रखेल' हा शब्द आधी टाकून द्या. 'नाटकशाळा'ही नको, ती आपल्याकडची वेगळीच गोष्ट. मी 'उपराणी' लिहिते. तोही शब्द तोकडाच पडतो, पण चालवून घेते.

भरती दर तीन वर्षांनी. 'आठ ध्वज' म्हणवणाऱ्या लष्करी घराण्यांतल्या साधारण 13 ते 17 वर्षांच्या मुलींना पाहणीसाठी हजर व्हावं लागे आणि ती होईपर्यंत त्यांचं लग्न ठरवता येत नसे. मांचू (छिंग राजघराण्याच्या वंशाच्या) बायका पाय लहान ठेवण्यासाठी बांधत नसत, तेव्हा लिहिताना त्यांना चिमुकले पाय चिकटवू नका. मी चिकटवले होते. राजाच्या जेवणाच्या वेळी हिरव्या टोकाच्या नावपट्ट्यांचं तबक येई आणि त्या रात्री जिला बोलवायचं तिची पट्टी तो उलटी ठेवी. तिला रजईत गुंडाळून राजाकडे नेण्याचा किस्सा मात्र जपूनच घ्या, तो गप्पाष्टकांतून आलेला आहे.

बढतीचं उदाहरण हवं तर त्सशी घ्या, पुढे राजमाता म्हणून चीनचा कारभार हाकणारी. 1852 मध्ये ग्वीरेन म्हणून आत आली, 1854 मध्ये पिन झाली, 1856 मध्ये मुलगा झाल्यावर फेइ आणि पुढच्याच वर्षी ग्वीफेइ. पण पदावनतीची प्रकरणं मला जास्त शिकवून गेली. 1778 मध्ये छ्यनलोंग राजाच्या तुन नावाच्या फेइनं एका दासीला मरेस्तोवर मारवलं. राजानं तिला पिनच्या पदावर उतरवलं आणि दासीच्या घरच्यांना 100 ल्यांग द्यायला लावले. लाडक्या मुलीची आई असल्यानं तिला पुढे पद परत मिळालं, हेही त्याच प्रकरणात वाचायला मिळतं.

राजीनाम्याची सोय मात्र कुठेच सापडत नाही. ती शोधत मी थेट शेवटच्या राजापर्यंत, पूयीपर्यंत गेले. फोटोवर खूण करून निवडलेली उपराणी वनश्यू 1922 मध्ये पूयीच्या वाड्यात आली. 1931 मध्ये, पूयी सिंहासनावरून कधीच उतरलेला असताना, ती तिआनजिनमधल्या घरातून निघून गेली आणि वकिलामार्फत तिनं घटस्फोट मागितला. तो मिळाला, पोटगीसकट.