विमान सारखं डावीकडे कलायचं, त्याची गोष्ट

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जॉयस्टिकला हात न लावताही माझं सेसना १७२ हे छोटं विमान डावीकडे कलायचं. आधी सिम्युलेटरच्या सेटिंगवरच संशय घेतला. डेडझोन, म्हणजे मधल्या जागेभोवतीची जेवढी हालचाल सिम्युलेटर मोजतच नाही तो पट्टा, वाढवला. कलणं थांबलं, पण लँडिंगला लागणाऱ्या बारीक हालचालीही त्यातच गडप झाल्या. म्हणजे रोगापेक्षा औषध जड!

शेवटी स्टिक उघडली. आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती हलली ते मोजणारा भाग. त्यात कार्बनच्या पट्टीवर एक स्पर्शक घासत फिरतो. हात बहुतेक वेळ मधल्या जागेच्या आसपासच हलतो, त्यामुळे पट्टीही तिथेच झिजते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

नवी घेताना एकच हट्ट धरला: हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक हलतो, सेन्सर चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतो, घासाघास नाहीच. मात्र खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नका. काही स्टिकमध्ये हॉल सेन्सर फक्त मुख्य दोन अक्षांना (पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे) असतो. मूठ पिळून चालणारा रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा) आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा) पोटेन्शिओमीटरवरच. मी प्रत्येक अक्षाचा तपशील वाचून घेतला. आता डेडझोन शून्यावर आहे.