आई-बाबांना ब्रिटन दाखवायचंय? आधी बूट, मग बाकी सगळं

येत्या जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून दुसऱ्यांदा आमच्याकडे रेडिंगला येताहेत. पहिल्या खेपेला मी तिकिटं, हॉटेलं, जेवणाच्या जागा सगळं तारीखवार वहीत लिहून ठेवलं होतं, आणि तरी ती सहल एडिनबरात दुसऱ्याच दिवशी थांबली. कारण आईचे बूट. ज्यांचे आई-वडील किंवा सासू-सासरे यंदा येणार आहेत त्यांच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितेय.

व्हिसाचं बहुतेकांना माहीत असतं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरा. मराठी कागदपत्रं जोडणार असाल तर इंग्रजीतलं प्रमाणित भाषांतर सोबत हवंच.

विम्याची टाळाटाळ मात्र करू नका. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना इथल्या इमर्जन्सी विभागात उपचार फुकट मिळतात, पण अ‍ॅडमिट केलं की एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट बिल लागतं. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येते. बीपी, शुगर जे असेल ते सांगूनच पॉलिसी काढा. लपवलेला आजार ऐन वेळी क्लेम बुडवतो.

आता बूट. माझी आई जन्मभर चपलेत वावरलेली. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, ‘आई, चांगले बूट घे.’ तिने घेतले, निघायच्या आदल्या दिवशी. कुठले, केवढे, पायात घालून किती चालली, मी काही विचारलं नाही. एडिनबराच्या किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत रॉयल माइल आम्ही चालत उतरलो. सगळा उतार, खाली दगडी फरशा. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं चेपतात. आई एक शब्द बोलली नाही. रात्री हॉटेलवर मोजा काढायला गेली तर तो बोटाला चिकटलेला. बंद बुटात जोडवं शेजारच्या बोटावर दिवसभर घासलं होतं. दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पूर्ण सोललेली, मोज्यावर रुपयाएवढा रक्ताचा डाग. आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पायात बधिरपणा असला की दुखतंय हे कळतसुद्धा नाही, आणि जखम चिघळायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनी चालायला बंदी घातली. हायलँड्सची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची, बस रद्द केली, दोन दिवस आईने खिडकीतून पाऊस बघितला आणि आम्ही परत आलो. जखम भरायला तीन आठवडे गेले.

म्हणून बूट निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी घ्यायचे. संध्याकाळी घ्यायचे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि खरं माप तेव्हा कळतं. जे मोजे घालणार तेच घालून माप बघायचं. बोटांपाशी रुंद हवेत आणि पुढे अंगठाभर जागा हवी. जोडव्यांचं आईशी आधीच बोला. काढायची की नाही हे तिने ठरवायचं, तुम्ही हुकूम सोडायचा नाही. काढायची नसतील तर सोनाराकडून सपाट, पातळ करून घ्यायची आणि तीच घालून बुटात चालून बघायचं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग रोज पाऊण तास बाहेर. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पाय बघा. ‘बरे आहेत गं’ यावर विश्वास ठेवू नका, मोजे काढून बोटं दाखवायला सांगा. बाबांचीही.

औषधं पूर्ण मुक्कामाची, वर आठवडाभराची जादा, आणि सगळी हातातल्या बॅगेत. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. आणि कितीही इच्छा असली तरी कंदी पेढे, खवा, तूप, ताजा कढीपत्ता आणू देऊ नका. दुधाचे पदार्थ भारतातून आणायला परवानगी नाही. चटण्या, मेतकूट, भाजणी आणू देत.

रेल्वेसाठी सिनिअर रेलकार्ड काढा. साठीच्या पुढच्या कुणालाही, परदेशी पाहुण्यालाही, पासपोर्ट दाखवून मिळतं आणि तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या वेळी ते चालत नाही. लांबच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं साधारण बारा आठवडे आधी सुटतात, तेव्हाच घ्या. किंग्ज क्रॉसहून एडिनबराला जाताना उजवीकडची खिडकी मागा, बेरिकच्या आसपास समुद्र अगदी रुळांजवळ येतो.

लंडनमध्ये ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, हट्ट नको. निम्म्याहून जास्त स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट नाही. बसने फिरवा, पुढची जागा मिळाली तर शहरही दिसतं. मोठ्या संग्रहालयांना प्रवेश फुकट आहे, पण ब्रिटिश म्युझियम एका दिवसात संपवायला जाऊ नका. दोन दालनं, मग चहा. बाबांना गेल्या वेळी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधली वाघनखं बघायची होती. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेली, आमच्या साताऱ्याच्याच संग्रहालयात मांडली होती. तेव्हा आधी चौकशी करा. चॉक फार्म स्टेशनजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे घर मात्र चुकवू नका. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि २०१५ मध्ये स्मारक म्हणून खुलं झालं. बाबा तिथे बराच वेळ नुसते उभे होते. मेडा व्हेलच्या १०, हाउली प्लेसवर टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे, १९१८-१९ मध्ये ते तिथे राहिले होते. दोन्ही एका दुपारी होतात, पण टिळकांच्या घरी टॅक्सीने जा. आणि संध्याकाळी घरी आल्यावर दोघांचे मोजे काढून पाय बघा. रोज. दमलेले असले तरी.

स्टोनहेंजला व्हिजिटर सेंटरपासून दगडांपर्यंत दोनेक किलोमीटर आहे. बस असते, तिनेच न्या. तिथे वारा जूनमध्येही बोचरा असतो, साडीवर शाल पुरत नाही, जॅकेट हवं. बाथच्या रोमन स्नानगृहात फरशा ओल्या आणि उंचसखल आहेत. रुळलेले, न घसरणारे बूट नसतील तर तिथे उतरूच नका. विंडसरचा किल्ला सहसा मंगळवार-बुधवारी बंद असतो, तारीख बघून तिकीट काढा. स्टेशनपासून चढ आहे.

एडिनबराला या वेळी आम्ही तीन रात्री राहणार आहोत. किल्ल्यापर्यंत टॅक्सी, एक वाजताची तोफ ऐकायची (रविवारी उडत नाही), मग रॉयल माइल अर्धीच, मध्ये बसून. उतारावर निघायच्या आधी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. हे मला त्या डॉक्टरांनी दाखवलं, उशिरा.

लेक डिस्ट्रिक्ट: विंडरमिअर तलावातली बोट, बस्स. पाटीच्या दगडाच्या ओल्या वाटा टाळा.

रोजच्या पिशवीत पाणी, गोळ्या, काहीतरी खायला, छत्री, प्लास्टर, कोरडे मोजे. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची स्वच्छतागृहं फुकट आहेत, इतरत्र सुटे पैसे लागू शकतात. जूनमध्ये लंडनला नवाच्या पुढेही उजेड असतो, म्हणून जेवणाची वेळ उजेडावरून ठरवू नका, मधुमेह्यांची तर नाहीच. एक दिवस फिरायचं, एक दिवस घरी.

आई सध्या रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बूट घालून चालतेय. काल तिसरा आठवडा संपला. जोडवी तिने पातळ करून घेतली. मोजे काढून कॅमेऱ्यासमोर पाय धरले, बोटं स्वच्छ आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा बघणार आहे.