बदललेल्या जिप्सीचं अ‍ॅव्हरेज कसं वाढवलं: माझ्या वहीतून

माझी मारुतीची जिप्सी २०११ ची, १२९८ सीसीची, कापडी हूडची. मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिच्यावर बरंच काही चढवून ठेवलं होतं. २३५/७५ आर १५ मापाचे मड टायर, पाट्यांच्या स्प्रिंगला गाडी उंच करणारे लांब शॅकल, पुढे लोखंडी बुलबार, त्यावर विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), डोक्यावर कॅरियर आणि कॅरियरवर दिव्यांची पट्टी. आमचं स्ट्रॉबेरीचं रान भिलारजवळ. डिसेंबर ते मार्च आठवड्यातून दोन-तीनदा माल घेऊन वाई किंवा सातारा, कधी पुणे. पहिल्या हंगामात मीटरप्रमाणे लिटरला ७.९ किलोमीटर पडले. चुलते म्हणाले, "ही विकून टाक आणि पिकअप घे." पण शेवटच्या दोनशे मीटरच्या चढावर, ओल्या मातीतून, पिकअप येत नाही आणि जिप्सी येते. मला ती ठेवायचीच होती, म्हणून एक वही घातली आणि सव्वा वर्ष प्रत्येक टाकी लिहून काढली. आता ११.६ मिळतात. मी चुकतमाकत जे केलं ते आज पुन्हा करायचं झालं तर ज्या क्रमाने करीन, तसं इथे सांगते.

आधी मीटर खरं करा

मोठे टायर घातले की गाडीचं किलोमीटर मीटर कमी दाखवतं, हे मला सहा महिने कळलंच नव्हतं. हिशोब सोपा आहे. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जवळजवळ दहा टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्याच चाकाचा हिशोब लावतं. मी सुरूर फाट्याकडून शिरवळच्या दिशेने हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत गेले. २० दगड झाले तेव्हा मीटरवर १८.३ होते. २० भागिले १८.३, म्हणजे गुणक १.०९. माझे ७.९ खरं तर ८.६ होते! दगड सापडत नसतील तर फोनवरच्या नकाशाचं अंतर चालेल, फक्त सरळ रस्ता आणि निदान २० किलोमीटर घ्या. हाच गुणक वेगालाही लागतो. काटा ८० वर असतो तेव्हा गाडी ८७ ने पळत असते, आणि ते ब्रेक लावताना फार महत्त्वाचं आहे.

मोजायची पद्धत एकच ठेवा. तोच पंप, शक्यतो तीच बाजू, नोझलने पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच पेट्रोल. जिप्सीची टाकी ४० लिटरची. पाव टाकी भरून काढलेला आकडा मी वहीत घेत नाही. एक बदल केला की तीन टाक्या दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. हे फार कंटाळवाणं आहे, पण याशिवाय कुठल्या पैशाने काय मिळालं ते कधीच समजत नाही.

पेट्रोलचाही विचार ठेवा. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. काही वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून गाडीला दोष देऊ नका. शिवाय २०११ ची गाडी या मिश्रणासाठी बनलेली नाही. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप हाताने दाबून बघा. माझ्या टाकीजवळच्या पाइपला बारीक चिरा होत्या आणि थांबलेल्या गाडीला वास यायचा. हे काम अ‍ॅव्हरेजच्याही आधीचं, कारण ते आगीचं आहे.

चाक हाताने फिरतं का

सर्वात जास्त फायदा सर्वात कमी पैशात इथे झाला. सकाळी पंधराएक किलोमीटर गाडी चालवा, शेवटचे दोन किलोमीटर ब्रेकला शक्यतो हात लावू नका, थांबल्यावर चारी चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. चिकटवू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे ब्रेक धरून बसलाय. माझं पुढचं डावं चाक तसं होतं. जॅकवर उचललं, दोन हातांनी ढकललं, तर अर्धा फेरा होऊन थांबलं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना पावसाळ्यात गंजून बसल्या होत्या. आमच्याकडे महाबळेश्वर पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने गाडी ओलीच असते. वाईच्या मेस्त्रीकाकांनी पिना काढून घासल्या, ग्रीस लावलं, नवी रबरं घातली. मागच्या ड्रममधले लायनर जास्त घट्ट केले होते, ते सैल करून घेतले. आता दर ऑक्टोबरला, पाऊस संपला की, चारी चाकं जॅकवर घेऊन फिरवून बघते.

गाडी उचललेली असतानाच पुढचे हब, म्हणजे पुढचं चाक त्याच्या अ‍ॅक्सलला जोडणारी-सोडवणारी कळ, तपासा. चाकाच्या मध्यावर हाताने फिरवायचा हब असेल तर तो मोकळा करा, लिव्हर टू-एचवर (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवा, पुढचं चाक फिरवा आणि खाली वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद पुढच्या अ‍ॅक्सलला नेणारा दांडा) बघा. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर हब आतून सुटलेला नाही; तुम्ही डांबरी रस्त्यावरही पुढचा डिफरन्शियल आणि शाफ्ट उगाच ओढत नेताय. माझ्या उजव्या हबमध्ये जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. यातून फार मोठा आकडा येत नाही, हे खरं सांगते. पण हबला कायम 'लॉक' ठेवायची सवय सोडाच. कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकून चालवणं तर अजिबात नको. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल जिप्सीच्या मध्ये नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात आणि तो सगळा पीळ शाफ्टवर आणि टायरवर येतो.

ब्रेक आणि हब मिळून वहीत ८.६ चे ९.२ झाले.

थर्मोस्टॅट

हा विषय मला सगळ्यांना ओरडून सांगावासा वाटतो. इंजिन गरम होतंय म्हटलं की आपल्याकडे बरेच जण थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकून देतात. तापमानाचा काटा खाली येतो आणि मालक खूश होतो. पण मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन नीट तापतच नाही. इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. पाचगणीच्या डिसेंबरमधल्या पहाटे माझा काटा वाई येईपर्यंत हलायचा नाही. मला वाटायचं, किती छान थंड गाडी आहे.

तपासायचं असं: रात्रभर उभी असलेली गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून ठेवा, पंख्यापासून बोटं लांब. थर्मोस्टॅट असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. माझ्यात तो नव्हताच. नवा बसवला, नळाचं पाणी काढून कूलंट भरलं. आणि गाडी गरम का होत होती त्याचं मूळ कारणही सापडलं. बुलबारवरची विंच रेडिएटरच्या जाळीसमोर बसली होती आणि जाळीत वर्षांची माती.

त्याच आठवड्यात सायलेन्सरचं तोंड बघितलं, आत काळी कुळकुळीत काजळी. थर्मोस्टॅटनंतरही ती कमी झाली नाही म्हणून मेस्त्रीकाकांनी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला पेट्रोल किती सोडायचं ते कळवणारा) तपासला. तो मेलेला होता. सेन्सर बदलल्यावर काजळी करडी झाली. या दोन गोष्टींनी ९.९ पर्यंत आणलं. एअर फिल्टर आणि प्लग यांबद्दल सगळेच सांगतात, मी लांबण लावत नाही. मुरमाच्या रस्त्यावर फिल्टर लवकर बदला. बॉनेटच्या आत उघडे बसवलेले शंकूसारखे फिल्टर असतील तर काढून मूळ डबा परत लावा, ते इंजिनची गरम हवा ओढतात.

वजन काट्यावर घ्या

कापडी हूडची जिप्सी कंपनीतून निघते तेव्हा ९८५ किलोची. आमच्याकडे स्ट्रॉबेरीचे क्रेट मोजायचा काटा आहे, त्यावर मी एकेक वस्तू ठेवली. बुलबार ३४ किलो. विंच तारेच्या दोरासकट ३१. कॅरियर दिव्यांसकट २६. दुसरी स्टेपनी २९. वीस लिटरचा भरलेला कॅन १९. एकूण १३९ किलो, म्हणजे दोन धडधाकट माणसं मी रोज घाटातून वर-खाली फुकट फिरवत होते. बुलबार तर काढायलाच हवा होता. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेत तो समोरच्या पायी माणसाला जास्त इजा करतो. विंच मी विकली नाही, गोठ्यात ठेवली आहे. त्याऐवजी गाडीत एक चांगला पट्टा, पट्टा अडकवायचे दोन शॅकल आणि फावडं असतं.

कॅरियरचं वजन हा त्याचा लहान गुन्हा. खरा त्रास वाऱ्याचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ७० च्या ऐवजी ९० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. जिप्सी मुळातच पेटीसारखी, त्यावर जाळी आणि दिवे उभे केले की हायवेवर पेट्रोल वाऱ्याशी झगडण्यातच जायचं. सगळं उतरवल्यावर १०.४.

टायर

पैसे जास्त लागतात म्हणून हे शेवटी केलं. २३५ चा टायर जड, रुंद, खोल नक्षीचा. तो फिरवायलाच ताकद लागते. वर व्यास वाढल्याने सगळे गिअर लांब होतात: पाचवा सपाटीवरही जेमतेम ओढतो आणि पसरणी घाटात जिथे तिसरा चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. मी २१५/७५ आर १५ चे, मध्यम नक्षीचे घेतले. हे बोलेरोचं माप, त्यामुळे तालुक्याच्या गावात रात्री टायर फाटला तरी मिळतो. यांचा गुणक १.०५ निघाला, परत दगड मोजून.

हवेचा आकडा कुणाचा ऐकून भरू नका. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि जिप्सीसारख्या हलक्या गाडीला तो फार जास्त. टायरच्या रुंदीवर खडूची जाड रेघ ओढा, सरळ रस्त्यावर थोडं चालवा आणि रेघ कुठे पुसली ते बघा. मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. माझं जमलं ते पुढे २६ पीएसआय, मागे २८, माल असेल तेव्हा मागे दोन जास्त. चिखलात मी १८ पर्यंत उतरवते, म्हणून बारा व्होल्टचा पंप कायम सीटखाली. हवा परत न भरता डांबरावर यायचं नाही.

पुढचा अ‍ॅक्सल एकसंध असल्यामुळे अलाइनमेंटमध्ये टाय रॉडवरून फक्त टो, म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांकडे किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, जुळवता येतो. टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. नव्या टायरवर ११.१.

घाटात पाय

उरलेला अर्धा किलोमीटर पायातून आला. वाई ते पाचगणी बारा किलोमीटर, उतरताना मी आधी न्यूट्रल करायचे. सगळेच करतात, आणि ते चूक आहे. इंजेक्शनच्या इंजिनमध्ये गिअरात असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि पसरणीच्या वळणांवर तापलेले ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ. तिसरा टाका, पाय काढा, गाडी स्वतःला धरून ठेवते. कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीला पेट्रोलचा हा फायदा नाही, पण ब्रेकसाठी गिअर तिलाही हवाच.

चढताना वरच्या गिअरात गुरगुरत ओढू नका. माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, कानाने कळतं. इंजिन थरथरायला लागायच्या आधी गिअर खाली. हायवेवर खरे ७०.

मी महिन्याला बाराशे किलोमीटर चालवते. ८.६ वरून ११.६ म्हणजे ३६ लिटर वाचले. जूनमध्ये रानातल्या रस्त्याचा चिखल होतो तेव्हा जुन्या रिमवरचे मड टायर परत चढतात, गुणक परत १.०९. त्या चार महिन्यांची पानं वहीत वेगळी आहेत, मागच्या पावसाळ्यात तिथे १०.२ लिहिलंय.