मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी वकील कसा निवडावा

रस्त्यावरील अपघातात जबर जखमी झालेली व्यक्ती रुग्णालयात असतानाच पुष्कळदा कोणीतरी अनोळखी माणूस नातेवाइकांना गाठतो, ‘क्लेम करून देतो, आधी एक रुपयाही द्यायचा नाही’ असे सांगतो आणि वकीलपत्रावर सही मागतो. घरची माणसे त्या वेळी रक्त, औषधे आणि शस्त्रक्रियेची संमती यांत अडकलेली असतात आणि सही होऊन जाते. काही वर्षे चालू शकणाऱ्या दाव्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा व्हरांड्यात उभ्याउभ्या घेतला जाऊ नये. भारतात असा दावा मोटार वाहन अधिनियम, 1988 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि त्याचे यश बहुतांशी पहिल्या काही महिन्यांत जमवलेल्या पुराव्यावर ठरते. म्हणून वकील निवडताना त्याच्या नावाच्या पाटीपेक्षा तो तुमच्या कागदपत्रांबद्दल कोणते प्रश्न विचारतो याकडे लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: हाती किती वेळ आहे ते पाहा

अधिनियमाच्या कलम 166 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे आणि तिच्यानुसार दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आलेले आहे. पण त्या वादाच्या भरवशावर स्वतःचा दावा लांबणीवर टाकणे शहाणपणाचे नाही. शिवाय भरपाईवरील व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेच्या आधीपासून मिळू शकत नाही, त्यामुळे उशीर झाला की थेट पैशाचे नुकसान होते. याचा अर्थ पहिल्याच दिवशी वकील गाठला पाहिजे असा मात्र नाही. रुग्णाची प्रकृती स्थिर झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, दोन-तीन वकिलांना शांतपणे भेटून निर्णय घेण्याइतका वेळ हाताशी असतो.

दावा अपघात जेथे घडला तेथील, दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात दाखल करता येतो. परगावी अपघात झाला म्हणून तिकडचाच वकील करावा लागतो हा समज चुकीचा आहे. ज्याच्या पायात सळई घातलेली आहे अशा माणसाला दर तारखेला दोनशे किलोमीटर प्रवास करायला लावण्यात काहीच अर्थ नाही. आपल्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात नियमितपणे काम करणारा वकील शोधावा.

दुसरी पायरी: प्रकरण कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा

धडक देणारे वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर कलम 161 खाली गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये आणि मृत्यूसाठी 2,00,000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. तो अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो आणि त्यासाठी सहसा वकिलाची गरज पडत नाही. एवढ्या कामासाठी कोणी मोठी फी मागत असेल, तर तेथून उठावे.

वाहनाचा पत्ता लागलेला असेल तर दोन मार्ग उरतात. कलम 164 खाली कोणाचा दोष होता हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी 2,50,000 रुपये आणि मृत्यूसाठी 5,00,000 रुपये अशी ठरीव रक्कम मिळते. कलम 166 खाली समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, परंतु भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने ठरते. मेख अशी आहे की कलम 164 ची रक्कम विमा कंपनीकडून एकदा स्वीकारली की कलम 166 खालील दावा संपुष्टात येतो. एखाद्या मोडलेल्या बोटासाठी पहिला मार्ग पुरेसा असेल. मणक्याच्या दुखापतीत तो घेणे म्हणजे आयुष्यभराच्या भरपाईवर पाणी सोडणे ठरू शकते. अपघात नोकरीच्या कामावर असताना घडला असेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा (आधी 1923 च्या अधिनियमाखाली, 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 खाली) आणखी एक पर्याय खुला असतो, मात्र दोन्ही कायद्यांखाली एकाच वेळी भरपाई मागता येत नाही. कोणत्या मार्गाने जावे हे वकिलाने पहिल्या भेटीत कारणांसह समजावून सांगायला हवे. जो या पर्यायांचा उल्लेखही न करता थेट वकीलपत्र पुढे सरकवतो, तो तुमचे प्रकरण ऐकत नाही.

तिसरी पायरी: नावे मिळवा आणि पडताळून पाहा

भारतीय बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करण्यास किंवा दलालांमार्फत कामे मिळवण्यास मनाई आहे. त्यामुळे रुग्णालयात, पोलीस ठाण्याच्या आवारात किंवा रुग्णवाहिकेच्या चालकामार्फत पोहोचणारा वकील आपल्या व्यवसायाचा नियम पहिल्याच भेटीत मोडत असतो. जो स्वतःच्या सनदेची पर्वा करत नाही तो तुमच्या पैशांची करील, ही अपेक्षा धरू नये.

चांगली नावे मिळवण्याचा माझ्या दृष्टीने सर्वांत खात्रीचा मार्ग थोडा कष्टाचा आहे. न्यायाधिकरणाचे कामकाज खुल्या न्यायालयात चालते आणि तेथे कोणालाही बसता येते. घरातील एखाद्या धडधाकट व्यक्तीने एखादा दिवस तेथे मागच्या बाकावर बसून पाहावे. कोण स्वतः उभे राहून साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, कोण प्रत्येक प्रकरणात केवळ पुढची तारीख मागतो आणि कोणाच्या वतीने दरवेळी वेगळाच ज्युनिअर हजर होतो, हे कायदा न शिकलेल्या माणसालाही तासाभरात कळते. त्यानंतर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेऊन त्याच्याकडे अपघात दावे किती आहेत आणि ते कोणत्या टप्प्यावर आहेत हे पाहता येते. जमिनीच्या वादांत किंवा फौजदारी कामात नावाजलेला वकील या कामात तितकाच वाकबगार असेलच असे नाही. राज्याच्या बार कौन्सिलकडे असलेला त्याचा नोंदणी क्रमांकही विचारून घ्यावा. प्रामाणिक वकिलाला त्याचा राग येत नाही.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे; इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अपघातात पती गमावलेल्या अनेक स्त्रियांना हा हक्क कोणी सांगतच नाही, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

चौथी पायरी: पहिली भेट

भेटीला जाताना एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद, सर्व बिले व औषधांच्या पावत्या, उत्पन्नाचा पुरावा आणि वयाचा दाखला यांच्या प्रती सोबत घ्याव्यात. मूळ कागद घरी ठेवावेत. नंतर शक्यतो आपण कमी बोलावे आणि वकील काय विचारतो ते ऐकावे.

जाणकार वकील पोलिसांच्या अहवालांपासून सुरुवात करतो. सध्याच्या नियमांनुसार पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. यांच्या प्रती तुम्हाला मिळाल्या का, त्यांत वाहनाचा क्रमांक, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांची नोंद बरोबर आहे का, हे त्याने विचारले पाहिजे. विमा कंपनीचे नेहमीचे बचाव म्हणजे चालकाकडे वैध परवाना नव्हता, पॉलिसीच्या अटींचा भंग झाला किंवा जखमीचाही दोष होता. त्यांना उत्तर कसे देणार, हे आपणच विचारावे. रस्त्याकडेच्या कॅमेऱ्यांतील चित्रण थोड्या दिवसांतच पुसले जाते, त्यामुळे त्याची चौकशी ताबडतोब करणारा वकील दिसला तर त्याला माझ्या मते अधिक गुण द्यावेत.

यानंतरचा प्रश्न अपंगत्वाचा, आणि वकिलाचा खरा कस येथेच लागतो. डॉक्टरांच्या दाखल्यावरील टक्केवारी आणि कमाईची क्षमता घटल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात स्पष्ट केले आहे. डावा हात गमावलेल्या व्यक्तीचे शारीरिक अपंगत्व सुमारे 60 टक्के धरले गेले, तरी सुताराची किंवा वाहनचालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, असे उदाहरण त्या निकालातच दिलेले आहे.

हा फरक रुपयांत मांडून पाहू. 38 वर्षांचा सुतार महिन्याला 20,000 रुपये कमावत होता असे समजा. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा प्रकरणातील 2009 च्या निकालाने 36 ते 40 या वयोगटासाठी 15 हा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, ठरवला आहे. वर्षाचे 2,40,000 रुपये गुणिले 15 म्हणजे 36,00,000 रुपये. वकिलाने केवळ 60 टक्क्यांचा दाखला जोडून समाधान मानले तर कमाईच्या नुकसानीपोटी 21,60,000 रुपये येतात. हात गेल्यावर सुतारकाम अशक्य आहे हे त्याने साक्षीपुराव्याने पटवले तर पूर्ण 36,00,000 रुपये येऊ शकतात. भविष्यातील उत्पन्नवाढ, उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई यांचा हिशेब याशिवाय वेगळा असतो. म्हणून वकिलाला सरळ विचारावे: ‘उपचार करणाऱ्या किंवा दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आपण घेणार आहात का?’ विमा कंपनीने आक्षेप घेतला आणि डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत, तर नुसत्या दाखल्याचा जोर फारसा उरत नाही. ‘त्याची काही गरज नसते’ असे उत्तर मिळाल्यास दुसऱ्या वकिलाला भेटावे.

आणखी दोन गोष्टी विचारायला संकोच करू नये. ज्या विमा कंपनीविरुद्ध दावा करायचा आहे तिच्या पॅनेलवर, म्हणजे तिने नेमलेल्या वकिलांच्या यादीत, हा वकील आहे का? आणि तारखेला प्रत्यक्ष कोण उभे राहणार? एवढे विचारूनही जो नेमक्या रकमेची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहावे. मागणी किती करावी हे वकील सांगू शकतो, निवाडा किती रकमेचा होईल हे कोणालाही सांगता येत नाही.

पाचवी पायरी: फी ठरवा, मगच सही करा

‘जिंकलो तर इतके टक्के’ ही बोली सर्रास ऐकू येते, पण भारतात ती नियमबाह्य आहे. निकालावर अवलंबून असणारी फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला निषिद्ध आहे. काही देशांत ही पद्धत कायदेशीर असल्याने पुष्कळांना ती येथेही चालते असे वाटते. हाती पैसा नसलेल्या कुटुंबाला ती सोयीची वाटते हे मी समजू शकतो. तरीही ठरीव फी टप्प्याटप्प्याने देण्याची बोली करून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. दावा दाखल करताना किती, पुरावा पूर्ण झाल्यावर किती, टंकलेखन, समन्स आणि डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च कोणाचा, हे एका कागदावर लिहून घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी.

सही करण्यापूर्वी वकीलपत्र पूर्ण वाचावे. तडजोड करण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्यात बहुधा छापलेलाच असतो. माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड करू नये, असे वकिलाला वेगळ्या पत्राने कळवून त्याची पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर किंवा कोऱ्या धनादेशावर कोणत्याही कारणाने सही करू नये. भरपाई जमा होणारे बँक खाते दावेदाराच्या एकट्याच्या नावाचे असावे आणि त्याचे पासबुक व एटीएम कार्ड वकिलाच्या कार्यालयात ठेवण्यास ठाम नकार द्यावा.

वकील नेमल्यानंतर

दाखल झालेल्या दाव्याचा क्रमांक मागून घ्यावा आणि दर तारखेनंतर ई-कोर्ट्सवर काय नोंदले गेले ते स्वतः पाहावे. लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला, तर सही करण्याआधी वर दाखवलेला हिशेब वकिलाकडून कागदावर मांडून घ्यावा, कारण लोकअदालतीच्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. न्यायाधिकरणाचा निवाडा अपुरा वाटल्यास मात्र 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि ते करण्यासारखे आहे की नाही याचे मत निवाड्याची प्रत मिळताच घ्यावे.

वकील सतत गैरहजर राहत असेल किंवा फोनच उचलत नसेल, तर तो बदलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आधी त्याच्याकडून ना हरकत घ्यावी. ती न मिळाल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परवानगी मागता येते. फी बाकी आहे या कारणावरून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवले आहे. तरीही कागद मिळत नसतील, तर पोच घेऊन लेखी मागणी करावी आणि त्या मागणीची प्रत जोडून राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार नोंदवावी.