माळरानाची निगराणी करताय? या चुका टाळा

जनावरांच्या नोंदी ठेवायला नवा पोरगा माळावर आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या वहीत काय असणार, हे मी आता वही न उघडता सांगू शकतो. सोमवारी ‘काळवीट १४, चिंकारा ३, कोल्हा १’. मंगळवारी ‘काळवीट ९’. बुध, गुरू, शुक्र कोरे. विचारलं तर म्हणतो, ‘‘सर, काही दिसलंच नाही.’’

मग ‘दिसलं नाही’ हेच लिहायचं होतं ना!

कोऱ्या पानाचे तीन अर्थ निघतात: तू गेलाच नाहीस, गेलास पण दिसलं नाही, किंवा दिसलं पण लिहायचं राहिलं. वर्षाने आकडे मांडायला बसल्यावर तुला स्वतःलाही त्यातला कोणता खरा ते आठवत नाही. ‘चिंकारा ०, सकाळी ६.१० ते ८.०५, वारा जोरात, पाळीव जनावरं नाहीत’ ही नोंद आहे. चिंकारा कमी झालेत की आपणच फिरायचे कमी झालो, हे पुढे तिच्यावरूनच कळतं. म्हणून वहीत रकाने आधीच आखून ठेवा आणि शून्य आकड्यात लिहा. आडवी रेघ मारून सोडू नका.

याच चुकीचं भावंड म्हणजे जनावर हमखास दिसतं तिथेच रोज जाणं. मे महिन्यात पाणवठ्याशी बसलात तर सगळा माळ भरलेला वाटेल. बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेसाठी मचाणावर रात्र काढणं हा सुंदर अनुभव आहे, मी एकही चुकवत नाही, पण त्या रात्रीच्या आकड्यावरून ‘यंदा संख्या वाढली’ म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून गावची लोकसंख्या ठरवणं. ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेला वेग. कंटाळा येतोच.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवा. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, नगरकडच्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं. काळवीट आणि लांडगा काही पाटी वाचून थांबत नाहीत. अर्धं काम हद्दीबाहेरच्या गायरानात आणि पडीक रानात असतं. तिथली नोंद ‘आपली नाही’ म्हणून सोडून देणारे मी पुष्कळ पाहिलेत.

फोटो दरवर्षी त्याच जागेवरून

अधिवास कसा बदलतोय हे दाखवायला ठरावीक जागेवरून दरवर्षी फोटो काढतात. ऐकायला सोपं वाटतं. मी स्वतः तीन वर्षांचे फोटो वाया घालवलेत. पहिला ऑक्टोबरात काढला, तेव्हा पवना आणि मारवेल गवत गुडघाभर होतं. दुसरा फेब्रुवारीत. तिसऱ्या वर्षी मोबाइलच्या जीपीएसवर विसंबून गेलो आणि टेकाडाच्या दहा-बारा पावलं खाली उभा राहिलो. तिन्ही शेजारी ठेवले तर तीन वेगळे माळ दिसतात. त्यावरून गवत वाढलं की घटलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

उपाय बिनखर्चाचा आहे. जागेवर चुन्याने रंगवलेला मोठा दगड पुरा. गेल्या वर्षीचा फोटो छापून सोबत न्या आणि क्षितिजावरची बाभूळ किंवा विजेचा खांब चौकटीत त्याच जागी येईपर्यंत सरका. महिना तोच आणि वेळ सकाळचीच ठेवा. चौकटीच्या एका कडेला फूटपट्टीसारखी रंगवलेली काठी उभी केली की गवताची उंचीही मिळते.

ठसा लांडग्याचा की कुत्र्याचा?

एकदा ओढ्याच्या चिखलात ठशांची लांब माळ मिळाली. सोबतच्या पोराने आनंदाने ‘लांडगा, २’ लिहून टाकलं. मागून मेंढरं घेऊन येणारे एक म्हातारे धनगर काठीवर रेलून बघत होते.

‘‘काय मामा, लांडगाच ना?’’

‘‘आरं, लांडगा आसा घुटमळत जातो व्हय? त्यो रेघ वढल्यागत जातो. ही आमचीच कुत्री, काल सांच्याला पानी प्यायली हितं.’’

एवढ्यात धडा मिळाला. एकट्या ठशावरून लांडगा आणि मोठा कुत्रा वेगळे काढणं कठीण आहे. लांडग्याचा ठसा सहसा लांबट असतो आणि मधली दोन बोटं पुढे आलेली दिसतात, पण ओल्या चिखलात ठसा पसरतो आणि सगळी खूण बिघडते. म्हणून ठसा न बघता चाल बघा, निदान दहा पावलं. तरसाचं त्या मानाने सोपं: पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो, आणि हाडं खाल्ल्यामुळे त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर पेन ठेवा, आणि ते कोणतं हेही लिहून ठेवा. ऊन तिरपं असताना काढा, दुपारी बाराला ठसा सपाट दिसतो. खात्री नसेल तर ‘लांडगा किंवा कुत्रा’ असं बेलाशक लिहा. त्यात कमीपणा नाही. चुकीचा लांडगा मात्र अहवालातून अहवालात वर्षानुवर्षं फिरत राहतो.

मेंढपाळांना हुसकून लावणारा कर्मचारी ही मला सर्वांत महागडी चूक वाटते. जो माणूस रात्री मेंढरांच्या वाड्याशेजारी झोपतो, त्याला लांडग्याची जोडी कुठून कुठे गेली हे तुमच्या कॅमेऱ्याआधी कळतं. कोकरू गेलं तरी ‘त्याचा वाटा होता’ म्हणणारे धनगर अजून आहेत. ती सहनशीलता गृहीत धरू नका. मेंढरू मारलं गेलं तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत ते जागेवरून हलवायचं नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. पुष्कळदा भरपाई बुडते ती याच दोन गोष्टींपायी.

कॅमेऱ्यात गवतच गवत

ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) आणला आणि दोन हजार फोटोंत फक्त हलणारं कुसळी गवत निघालं, तर तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे का ते बघा. सूर्य समोर आला की नुसत्या पांढऱ्या चौकटी मिळतात. तोंड उत्तरेला करा, गुडघ्याच्या उंचीवर बांधा, समोरचं चार-पाच पावलांतलं गवत विळ्याने काढा. एप्रिलच्या भर दुपारी जनावर समोरून गेलं तरी कॅमेरा गप्प राहील. तो उष्णतेतला फरक ओळखतो, आणि तेव्हा माळ आणि जनावर सारखेच तापलेले असतात. तो बिघाड नव्हे.

सेल बदलल्यावर तारीख मागे जाते, ते मात्र आपलं दुर्लक्ष. प्रत्येक वेळी कॅमेरा चालू केल्याबरोबर त्याच्यासमोर हातातलं घड्याळ धरा आणि तोंडाने न सांगता कागदावर तारीख लिहून दाखवा. घोळ झालाच तर त्या एका फोटोवरून बाकीच्या सगळ्यांची वेळ सुधारता येते. आणि गावच्या बायका पहाटे जातात त्या वाटेवर कॅमेरा कधीही नको. ग्रामपंचायतीला सांगून लावा, माणसांचे फोटो आले तर काढून टाका.

न केलेलं बरं, अशी चांगली कामं

टिटवी ओरडायला लागली की घरटं जवळ आहे. वाकून शोधू नका, रिबीन बांधू नका, दगड रचू नका. तुम्ही जिथे घुटमळता तिथे कावळा लक्ष ठेवून असतो. न थांबता सरळ पुढे जा आणि लांबून दिशा व अंतर टिपा. (टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस चांगला, असं आमच्याकडे म्हणतात. मी दरवर्षी उंचवटा लिहून ठेवतो. अजून काही सिद्ध झालेलं नाही.)

लांडग्याची हिवाळ्यातली गुहा सापडली तर तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. फोटोत जागेचे आकडे दडलेले असू शकतात. दोन दिवसांत चार गाड्या येतात आणि मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे जाते.

तारेचा फास दिसला तर आधी फोटो, मग वनरक्षकाला फोन, हात लावायचा नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या. लावणाऱ्याला गाठायला एकटे थांबू नका.

आणि झाडं. पहिल्या पावसात शाळा, कंपन्या, मंडळं रोपं घेऊन माळावर येतात. त्यांना नाही म्हणणं हे या कामातलं सर्वांत अवघड काम. सरकारी नकाशात ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीला कुणी जंगल म्हणत नाही, म्हणून सगळ्यांना तिथे खड्डे खणावेसे वाटतात. पण चंडोल, धाविक या पक्ष्यांना आणि काळविटाला लांबवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा लागते. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर गिरीपुष्पाच्या झाडांची दाट लागवड झाली होती. ज्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, त्याला ती झाडी नको होती. माझ्याकडे आलेल्यांना मी आधी एक तास फिरवतो, लाव्याची जोडी पायाखालून उडते, मग विचारतो, रोपं कुठे लावू? बहुतेक जण त्यानंतर रोपं गावच्या शाळेत नेतात. एका मंडळाने मात्र फोटोपुरती पन्नास लावलीच. मे महिन्यापर्यंत एकही जगलं नाही, खड्डे तेवढे राहिले.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, गवत पूर्ण वाळायच्या आधी काढून घ्या, फेब्रुवारीचा मध्य उजाडायची वाट पाहू नका.

वहीत पेन्सिलीनेच लिहा. माझी एका जुलैची अख्खी वही जेल पेनची होती. सॅकमध्ये पाणी शिरलं आणि निळा डाग उरला. त्या महिन्याच्या रकान्यात मी आजही काही भरलेलं नाही. शून्यही नाही.